पहिलं मेंटल देवीला

गॅसबत्तीचं मेंटल ज्यांनी स्वतःच्या हातानं पेटवलंय त्यांना ते काय असतं हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. मुठीत मावेल अशी पांढऱ्या जाळीची मऊ पिशवी असते. बत्तीला बांधायची आणि काडी लावायची. सूत जळून जातं, राखेची जाळी तेवढी मागे उरते आणि ती लख्ख उजेड देते. बोट लागलं की संपली. भाजीच्या गाड्यांवर, लग्नाच्या वरातीत, जत्रेतल्या दुकानांत हाच उजेड असायचा. तो सुताचा नव्हता, सुतात मुरवलेल्या थोरियमचा होता. आणि थोरियम किरणोत्सारी असतं हे आमच्या कंपनीत फक्त भिंतीवरच्या एका पाटीला माहीत होतं. पाटी इंग्रजीत होती.

कंपनी तुर्भ्याला होती, ठाणे-बेलापूर रस्त्यावरून आत वळल्यावर. मी तपासणीत होते. प्रत्येक लॉटमधलं एक मेंटल पेटवायचं आणि ते फाटतं का, उजेड पिवळा पडतो का, ते बघायचं. दिवसभर त्या उजेडाकडे बघून संध्याकाळी घरातला बल्ब मला विझल्यासारखा वाटायचा. आमचं मूळ गाव महाडकडचं. वडील इथल्या दगडखाणीत कामाला आले आणि आम्ही तुर्भ्याचेच झालो. घरात बुद्धाची तसबीर, बाकी देव नाहीत. दीक्षा घेतानाच आजोबांनी ते गावच्या नदीत सोडले होते आणि घरात कुणालाही त्यांची कधी आठवण आली नाही.

काकी डिपिंगमध्ये होती. डिपिंग म्हणजे जिथे जाळीची सुतं थोरियमच्या पाण्यात भिजवायचे ते खातं. तिला सगळी कंपनी काकीच म्हणायची, मॅनेजरसुद्धा. तुर्भे गावातली आगरी बाई. उंच, काळीसावळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि आवाज असा की दोन शेडच्या पलीकडे तिचं कुजबुजणं ऐकू यायचं. कंपनी उभी होती ती जमीन तिच्या सासऱ्याची. भातशेती होती तिथे. जमीन गेली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी देऊ म्हणाले. नवरा होडीवरचा माणूस, त्याला भिंतीच्या आत करमेना, म्हणून नोकरी सुनेच्या वाट्याला आली.

त्या शेताच्या बांधावर, करंजाच्या झाडाखाली, गावाची देवी होती. मूर्ती नाही, नुसता शेंदूर लावलेला दगड. कंपनी आली तेव्हा गावानं देवीला कौल लावला. कौल म्हणजे दगडावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवीकडची आधी पडते की डावीकडची ते बघत बसायचं. उजवी म्हणजे हो. देवीनं उठायला नकार दिला. मग काय, कंपनीची भिंत देवीला पोटात घेऊनच उभी राहिली. डिपिंग आणि पॅकिंग यांच्यामधल्या चौकात छोटा पार बांधला गेला. गावाला चैत्रात एक दिवस फाटक उघडं असायचं. बाकी वर्षभर देवी आमची, कामगारांची.

शेत होतं तेव्हा नव्या भाताची पहिली मूठ काकीच्या घरातून देवीला जायची. भात गेलं. कंपनीत पहिला लॉट तयार झाला तेव्हा काकीनं त्यातलं पहिलं मेंटल उचललं, ओलंच, आणि देवीच्या खांद्यावर ठेवलं. "जमिनीत पिकंल ता पयला आयेला," ती म्हणाली होती. "आथा ह्या पिकतंय." सगळ्यांना ते पटलं. पुढे रीतच पडली. नवा लॉट निघाला की पहिलं मेंटल देवीला. मंगळवारी त्याच्यावर तेलात कालवलेला शेंदूर. आधीचं मेंटल कुणी काढायचं नाही, त्याच्यावरच नवा थर. डिपिंगच्या बायका जेवायच्या सुट्टीत बाहेर आल्या की ओल्या हातानं देवीला हात लावून कपाळाला लावायच्या. दगड वर्षावर्षानं मोठा होत गेला. देवी वाढते असं गावात कौतुकानं बोललं जायचं.

मी कधी मेंटल ठेवलं नाही. काकीनं कधी ठेव म्हटलं नाही. ती फक्त खोबऱ्याचा तुकडा आणून माझ्या हातात द्यायची आणि मी तो खायची. खोबरं आहे, खाल्लं.

मग ट्यूबलाइटी आल्या, बॅटरीवरचे दिवे आले. वरातीतल्या डोक्यावरच्या बत्त्या जनरेटरच्या झुंबरांनी हुसकावल्या. नव्वद साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांतच लॉट इतके कमी झाले की तपासणीत मी विणकाम करायला लागले. एक दिवस कंपनी बंद होणार असल्याचं सांगितलं. धक्का कुणालाच बसला नाही, रडल्या मात्र सगळ्या.

पण अशी कंपनी नुसतं कुलूप लावून विकता येत नाही. सरकारी खात्याची माणसं आली. किरणोत्सार मोजायचं मीटर घेऊन त्यांनी कानाकोपरा तपासला आणि सांगितलं, जागा साफ झाल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात जाणार नाही. साफ म्हणजे झाडून पुसून नव्हे. फरशी खरवडायची, भिंतींचा गिलावा काढायचा, गटारं खणायची. जे मीटरला चालणार नाही ते पिंपात भरायचं, पिंपं सील करायची आणि गाडीतून खात्याच्या जागेवर पाठवायची. त्यासाठी कंपनीनं थोडे कामगार ठेवून घेतले. त्यांना शिकवलं, पांढरे सूट दिले, मास्क दिले, रबरी हातमोजे दिले. मला मीटर दिलं, कारण मला आकडे वाचायची सवय होती. काकीला कुणी निवडलं नव्हतं, ती स्वतःच येऊन उभी राहिली. "माजी देवी आतमदी हाय. मी भायर कशी बसू?"

ते काम कसं चालायचं सांगते. मीटरचं तोंड जमिनीपासून बोटभर वर धरायचं आणि रांगोळीचे ठिपके टाकताना हात सरकतो तेवढ्याच बेतानं सरकवत न्यायचं. मीटर टक्‌टक् करतं. साध्या जमिनीवरही करतंच, अधूनमधून, आळसल्यासारखं. जिथे काही सांडलंय तिथे ते तडतडायला लागतं. मी खडूनं गोल काढायची, मागून माणसं ओलं करून खरवडायची. ओलं अशासाठी की धूळ उडू नये. बाहेर पडताना हातपाय धुवायचे आणि शेवटी प्रत्येकाचे हात, प्रत्येकाचे तळपाय मीटरखाली. तडतडलं तर परत धुवायचे. त्याशिवाय जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर पाय टाकायचा नाही.

मला संताप यायचा. ज्या टाकीत काकीनं कोपरापर्यंत हात घालून इतकी वर्षं सुतं पिळली, त्या टाकीजवळ आता मास्क लावल्याशिवाय जायचं नाही. ज्या टेबलावर बायका डबे उघडायच्या ते टेबल करवतीनं कापून पिंपात. मग हे सूट, हे मोजे तेव्हा कुठे होते? हा प्रश्न मी खात्याच्या साहेबाला रोज निरनिराळ्या शब्दांत विचारायची. साहेब तरुण होता, सज्जन होता आणि माझ्या तावडीत सापडलेला होता. मी तडकले की तो चष्मा काढून पुसत राहायचा. एकदाच म्हणाला, "बाई, तेव्हा मी शाळेत होतो."

इकडे गावानं तळ्याच्या काठी देवीसाठी लहानसं देऊळ बांधलं. कंपनी जाणार म्हणजे देवी मोकळी होणार. परत कौल लावला आणि या वेळी देवी उठायला तयार झाली. मुहूर्त ठरला. काकी हातातलं काम सोडून मधेच पारापाशी जायची आणि देवीला सांगून यायची की आता थोडेच दिवस.

चौकाची पाळी सगळ्यात शेवटी आली. साहेबानं मला पाराकडे पाठवलं. मी मीटर शेंदरापासून बोटभर लांब धरलं आणि ते असं तडतडलं की कढईत मोहरी टाकावी. मी मागे झाले. वाटलं मीटर बिघडलं. परत धरलं. टाकीला वाजलं नव्हतं एवढं वाजत होतं.

साहेबानं स्वतः येऊन बघितलं. आकडा दोनदा वाचला. मग म्हणाला, "हा दगड बाहेर जाऊ शकत नाही. पिंपात घालावा लागेल."

"पिंपान?" काकी म्हणाली. "आये पिंपान?"

ती पारावर चढून दगडाला दोन्ही हातांनी कवटाळून बसली. तिला उठवायची कुणाची छाती नव्हती. मी शेजारी जाऊन बसले. सांगावं तर लागणारच होतं. मेंटलं ओली असायची, त्यातलं थोरियम शेंदरात बसलं. बायकांच्या हातांवरचंही बसलं. थरावर थर चढत गेले. काकीनं ऐकून घेतलं. तिला समजायला वेळ लागला नाही.

"म्हंजे ह्या मीच केलाय," ती म्हणाली. "पयला मीच ठेवलेला."

मी नाही म्हणाले नाही. खोटं बोलून तिचं समाधान झालं नसतं आणि तिनं मला ते माफही केलं नसतं. मला तिची इतकी कणव आली की साहेबाला शिव्या द्यायचंही सुचेना.

वाट साहेबानंच काढली. थोरियम बहुतेक शेंदरात असणार, दगडात नाही. शेंदूर काढला, खालचा दगड मीटरला साफ निघाला, तर देवी घेऊन जा. खरवडायला माणसं देतो, यंत्र देतो.

काकी उठली. शेंदूर म्हणजे देवीचं वस्त्र, ती म्हणाली. ते देवी मनात येईल तेव्हा आपण होऊन टाकते, तिला कुणी ओढून उघडी करत नाही. आणि बाप्यांनी तर नाहीच. आधी देवीला विचारायचं. ती हो म्हणाली तर बायकांनी करायचं, पडदा लावून, हातानं, यंत्रानं नाही.

मुहूर्ताच्या दिवशी, आमच्या त्या सगळ्या पांढऱ्या सुटांच्या मधोमध काकीनं कौल लावला. जास्वंदीच्या पाकळ्या तिनं सकाळीच ओटीत आणल्या होत्या. साहेबानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "उतरवू का गं तुजा लुगरा?" काकीनं विचारलं. आम्ही उभे राहिलो. उजवी पाकळी पडली. वारा डावीकडून होता हे माझ्या लक्षात आलं होतं, पण ते मी स्वतःपाशी ठेवलं.

पडद्याला काकीनं आपली दोन लुगडी दिली. खांब रोवून ती चारी बाजूंनी बांधली. आत आम्ही दोघीच. त्या पट्ट्याच्या आत आम्ही बायका दोघीच उरलो होतो. मी काकीला म्हटलं, गावातलं कुणी तुमचं माणूस साहेबांना विचारून आत घेऊ का? मला नेमकं काय म्हणायचं होतं ते तिला कळलं.

"तूच ये," ती म्हणाली. "तुला कामाचा म्हायती हाय."

खाली प्लॅस्टिक अंथरलं. शेंदूर ओला करायचा आणि लाकडी पट्टीनं सोडवायचा. वरचे थर जुन्या रंगाच्या पोपड्यांसारखे निघाले. पोपडा उलटा केला की आतल्या बाजूला मेंटलची जाळी उमटलेली दिसायची, काही ठिकाणी सूतच जसंच्या तसं. शिलाईपर्यंत शाबूत. काकी तोंडानं सारखी बोलत होती, माझ्याशी नाही. "डोला मीट गो आये, पानी जाईल. झाला, झाला. जराशीच कल सोस." लेकराला न्हाऊ घालताना बोलावं तसं. मास्कमधून तिचा तो मोठा आवाज बारीक होऊन येत होता.

मला माझी आजी आठवत होती. आमच्या गावात तिला देवळाच्या पायरीखाली उभं राहावं लागायचं. नारळ लांब ठेवायचा आणि मागे व्हायचं. ती सांगायची तेव्हा हसत सांगायची, आणि ते हसणं मला कधी सहन झालं नाही. आणि मी इथे एका देवीच्या अंगावरचं वस्त्र उतरवत होते. देव मानत नसले तरी माझे हात जपून चालत होते, हे खरं आहे.

दगड लहान होत गेला. शेवटी वरवंटा उभा ठेवावा एवढाच काळा, गुळगुळीत दगड उरला. काकी त्याच्याकडे बघत राहिली.

"एवरीशी," ती म्हणाली. "नवी नवरी आले तवा बगलेली. एवरीशीच व्हती. मी इसरूनच गेले."

दगडाला मधे एक खळगा होता, त्यात थोडा लाल रंग अडकला होता. पट्टी तिथे पोचेना. मी ब्रश घ्यायला वळले, परत बघते तर काकीनं उजव्या हातातला मोजा काढला होता आणि नखांनी ती खळगा साफ करत होती.

मी ओरडले. इतके दिवस शिकवलेलं सगळं पाण्यात घातलंत म्हणाले, वय झालं तरी अक्कल नाही म्हणाले, आणखीही काय काय म्हणाले. तिनं हात थांबवला नाही.

"मोजा घालून कोन आयेचा तोंड धुवतो?" ती म्हणाली.

साहेब पडद्याबाहेर कान देऊन उभा राहिला, आत मी दगडाभोवती मीटर फिरवलं. वरून, खालून, खळग्यावर. टक्. मग बऱ्याच वेळानं टक्. रस्त्यावर वाजतं तेवढंच. "जाऊ शकते," साहेब म्हणाला. शेंदराचं गाठोडं काकीला रीतीप्रमाणे खाडीत सोडायचं होतं. तिनं विचारलं, साहेबानं नकाराची मान हलवली, आणि तिनं स्वतःच पोपडे पिशवीत बांधून पिंपात ठेवले. पिंपाला मात्र हळदकुंकू लावलं. साहेबानं ते पुसायला सांगितलं नाही.

फाटकाबाहेर गाव जमलं होतं. बेंजो पार्टी वाजत होती, बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या. देवी आतच, नव्या हिरव्या खणात पाटावर ठेवलेली. ती देवळात जाऊन बसेपर्यंत बायकांनीच न्यायची आणि फाटकापर्यंत काकीनं, तो तिच्या घरचा मान. माझे हातपाय मीटरला साफ निघाले. मग काकीनं सूट उतरवला, साबणानं हातपाय धुतले आणि पिवळ्या पट्ट्याशी येऊन हात पुढे केले.

डावा हात साफ. उजव्या हाताच्या बोटांवर मीटर आलं आणि तडतडलं.

परत धुतले. ब्रशनं घासले. तडतडलंच. नखांच्या खाली गेलं होतं. परत धुतले. बाहेर बेंजोवाल्यांनी एक गाणं संपवून दुसरं धरलं. काकीनं नखं बादलीच्या कडेवर घासली, बोटांतून रक्त यायच्या बेताला आलं. साहेब म्हणाला, "काकी, थांबावं लागेल. आज वेळ लागेल याला." मुहूर्त टळत चालला होता आणि बाहेरचं माणूस आत येऊ शकत नव्हतं.

काकीनं माझ्याकडे बघितलं. "तू उचल."

"मी?"

"तुजे हात साफ हायत. मशिनीनी सांगतलाय."

"काकी, बाहेर लोक काय—"

"भायरच्यांशी मी बोलन."

"मी पाया पडणार नाही."

"तुला कोन सांगतंय पाया पर? उचल."

मी पाट उचलला. तिच्या समाधानासाठी उचलला, दुसऱ्या कशासाठी नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि आजही तेच सांगते. दगड होता त्यापेक्षा जड लागला. फाटकातून बाहेर पडले तशी बेंजो थांबली. तुर्भे काही मोठं नाही, मी कोण, कुठल्या वस्तीत राहते, सगळ्यांना ठाऊक. एक तरुण पुढे आला. मला बाजूला व्हायला सांगणार होता की नुसता वाट दाखवणार होता, ते मला कधी कळलं नाही, कारण मागून काकीचा आवाज आला. हात बादलीत, ती पट्ट्याच्या आतून ओरडत होती.

"तीच आनील! माजे हात नासलेत! तिचे साफ हायत!"

देवी आणणाऱ्याच्या पायावर पाणी घालायची रीत आहे. बायकांमधली एक म्हातारी तांब्या घेऊन पुढे झाली. माझ्या पायांकडे बघून थांबली. मग वाकली आणि माझ्या दोन्ही पायांवर पाणी घातलं. पाणी गार होतं. मला रडू आलं आणि हात भरलेले असल्यामुळे डोळे पुसता आले नाहीत. आजी असती तर हसली नसती, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

तळ्याच्या काठी देवीला बसवलं आणि मी तशीच परत फिरले. मागे आरती सुरू झाली होती.

काकी बादलीपाशी बसून होती. साहेबानं कुठून तरी नेलकटर पैदा केलं होतं. मी तिचा हात मांडीवर घेतला आणि एकेक नख अगदी मुळापर्यंत कापलं. कापलेली नखं पिशवीत, पिशवी त्याच पिंपात, देवीच्या शेंदराशेजारी.

"बसली नीट?" तिनं विचारलं.

"बसली."

"तोंड कुटं केला?"

"खाडीकडे."

"बरा केला."

पुन्हा धुवून मी मीटर धरलं. टक्. मग शांत. साहेबानं सुटल्यासारखा श्वास सोडला. काकीनं हात उलटसुलट करून बघितले.

"हात झाले साफ," ती म्हणाली. "हाताचा घासासंगती गेला, श्वासासंगती गेला, वरसानुवरसं. ता आतला कोन बगील?"

मीटर कातडीवरचं सांगतं, आतलं सांगत नाही, हे मला माहीत होतं. साहेबालाही माहीत होतं. त्यानं चष्मा काढला आणि पुसत उभा राहिला. त्या दिवशी मी त्याला एका शब्दानंही बोलले नव्हते.

काकी उठली. "चल," मला म्हणाली, "आये उगरी बसलीय. शेंदूर लावायचा हाय." आम्ही दोघी फाटकाबाहेर पडलो. रस्त्यावर ट्रकची रांग होती, तिच्या कडेकडेनं चालत गेलो. मीटर काहीही म्हणालं असलं तरी गावात पोचेपर्यंत तिनं ते दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते.